शेजाऱ्याच्या मुलाची फी

न्यू जर्सीत ज्याचे स्वतःचे घर आहे त्याच्या हाती दरवर्षी उन्हाळ्यात घरपट्टीचे बिल पडते. त्यावर रकमेची फोड छापलेली असते: काउंटीचा (म्हणजे जिल्ह्याचा) वाटा, नगरपालिकेचा वाटा, कुठे वाचनालयाचा, आणि शाळांचा. शाळांचा आकडा बहुतेक गावांत सर्वांत मोठा असतो. सगळ्या राज्याचा हिशेब केला तर घरपट्टीतला निम्म्याहून थोडा अधिक पैसा शाळांकडे जातो. गेल्या वर्षी आमच्या मंडळाच्या गणपतीत, आरती होऊन जेवणे चालू असताना, एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी हा विषय काढला. ते म्हणाले, "अहो, आमची दोन्ही मुलं शिकून मार्गाला लागली, त्यालाही दहा वर्षं झाली. घरात शाळेत जाणारं कोणी नाही. मग हे पैसे आम्ही कोणाच्या मुलांसाठी भरायचे?" आजूबाजूच्या बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. हे गृहस्थ कंजूष नाहीत; मंडळाच्या प्रत्येक वर्गणीत त्यांचे नाव वरच्या ओळीत असते. म्हणूनच त्यांच्या प्रश्नाला नीट उत्तर द्यायला हवे असे मला वाटले, कारण अमेरिकेतील सार्वजनिक शिक्षणाचा जवळजवळ चारशे वर्षांचा इतिहास याच प्रश्नाभोवती फिरत आला आहे: दुसऱ्याच्या मुलाच्या शिक्षणाचा खर्च मी का करावा, आणि ही 'दुसऱ्याची मुले' म्हणजे नेमकी कोणकोण?

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगते. शिकवणे हे तर प्रत्येक शाळेचे काम आहे. शाळा सार्वजनिक ठरते ती तिच्यामागच्या एका करारामुळे. आपल्या सगळ्या मुलांचा खर्च आपण सगळ्यांनी मिळून उचलायचा, हा तो करार. अमेरिकेने तो जगातल्या बहुतेक देशांच्या आधी केला, ही तिची मोठी कमाई आहे. पण 'आपली मुले' या शब्दांभोवती तिने वेळोवेळी कुंपणे घातली, आणि आजचे सर्वांत भक्कम कुंपण स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे आपल्या हद्दीतल्या करावर आपल्या शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागाच्या, हद्दीचे आहे. ते कुंपण हलवल्याशिवाय शाळा सुधारणार नाहीत. आणि करारच मोडून प्रत्येक पालकाच्या हाती त्याच्या मुलाच्या वाट्याचे पैसे देणे हा त्यावरचा उपाय नाही.

मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने १६४७ साली कायदा केला की ५० कुटुंबांच्या गावाने लिहायला-वाचायला शिकवणारा एक शिक्षक नेमावा आणि १०० कुटुंबांच्या गावाने लॅटिन शिकवणारी शाळा काढावी. हेतू धार्मिक होता. माणसाला बायबल स्वतः वाचता आले नाही तर सैतान त्याला फसवील, अशी त्या लोकांची खरोखरची धास्ती होती. तरीही त्या कायद्यात एक नवी गोष्ट होती: शिक्षकाचा पगार मुलांच्या आईबापांनी द्यावा किंवा सगळ्या गावाने द्यावा, असे दोन पर्याय त्यात लिहिले होते. त्यातला 'सगळ्या गावाने' हा पर्याय पुढे हळूहळू वरचढ ठरत गेला.

स्वातंत्र्यानंतर धर्माची जागा प्रजासत्ताकाने घेतली. राजा नाही, तर राज्य चालवणार कोण? मतदार. मग मतदार अडाणी राहून चालणार नाही. टॉमस जेफरसन यांनी १७७९ साली व्हर्जिनियाच्या विधिमंडळात गुलाम नसलेल्या सर्व मुलामुलींना तीन वर्षे मोफत शिकवण्याचे विधेयक मांडले, पण जमीनदारांच्या त्या सभेने ते मंजूर केले नाही. करार त्यांना महाग वाटला. त्याच सुमारास नव्या देशाच्या पश्चिमेकडील जमिनीची मोजणी सुरू झाली, आणि १७८५ च्या जमीनविषयक कायद्याने असे ठरवले की प्रत्येक टाउनशिपचे, म्हणजे मोजणीच्या चौकोनाचे, ३६ तुकडे पाडावेत, एकेक तुकडा एक चौरस मैलाचा, आणि त्यातला १६ वा तुकडा शाळांसाठी राखून ठेवावा. गाव वसण्याआधी, पहिले झाड तोडले जाण्याआधी नकाशावर शाळेचा तुकडा आखलेला होता. ती जमीन मूळ रहिवाशांकडून हिसकावलेली होती, हेही त्याच नकाशात आहे. दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या पाहिजेत. विशेष म्हणजे दोनच वर्षांनी लिहिल्या गेलेल्या अमेरिकेच्या राज्यघटनेत मात्र शिक्षण हा शब्दच आला नाही. शाळा राज्यांकडे राहिली, राज्यांनी ती गावांकडे सोपवली, आणि या एका गोष्टीतून पुढचे बरेच भले आणि बरेच वाईट निघाले.

आज आपण ज्याला सरकारी शाळा म्हणतो तिची बांधणी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर झाली आणि तिच्यामागे सर्वांत मोठे नाव होरेस मान यांचे आहे. १८३७ साली मॅसॅच्युसेट्सच्या सेनेटचे अध्यक्षपद आणि वकिली सोडून त्यांनी नव्याने निघालेल्या राज्य शिक्षण मंडळाचे सचिवपद घेतले. बारा वर्षे ते गावोगाव फिरले, शाळांची गळकी छपरे आणि बाके मोजली, १८३९ साली लेक्सिंग्टनला शिक्षक घडवणारी पहिली सरकारी शाळा काढली, प्रशियाला जाऊन तिथले वर्ग पाहून आले आणि दरवर्षी एक अहवाल लिहिला. १८४८ च्या अखेरच्या अहवालातले त्यांचे वाक्य प्रसिद्ध आहे: माणसाने शोधलेल्या साऱ्या उपायांत शिक्षण हा माणसामाणसांतली विषमता मिटवणारा सर्वांत मोठा उपाय आहे. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो १८४६ सालचा दहावा अहवाल, कारण गणपतीतल्या त्या गृहस्थांचा प्रश्न मान यांनाही तेव्हा विचारला जात होता. ज्याला मूल नाही, किंवा ज्याची मुले खाजगी शाळेत जातात, त्याने कर का द्यावा? मान यांचे उत्तर असे होते की कोणाचीही संपत्ती एकट्याच्या कष्टाने उभी राहत नाही. जमीन, नद्या, मागच्या पिढ्यांनी शोधलेल्या विद्या आणि बांधलेले रस्ते यांच्यावर ती उभी असते. म्हणून एकामागून एक येणाऱ्या पिढ्या मिळून एकच समाज आहेत, आणि आजचा मालक हा पुढच्या पिढीच्या ठेवीचा विश्वस्त आहे. त्या ठेवीतून मुलांचे शिक्षण करणे ही मेहेरबानी नाही, ते देणे आहे. हे वाचताना मला कर्ज आणि ऋण यांतला आपला जुना भेद आठवतो. कर्ज ज्याचे त्याला फेडायचे असते. ऋण आपण ज्याच्याकडून घेतले त्याला फेडता येत नाही, पुढच्यालाच फेडावे लागते.

मान यांच्या पाठीशी उभे राहिलेले सगळेच अशा उदात्त विचाराचे नव्हते. गिरणीमालकांना वेळेवर येणारे आणि सांगितलेले ऐकणारे कामगार हवे होते, आणि आयर्लंडहून लोंढ्याने येणाऱ्या कॅथलिक गरिबांची भीती बॉस्टनच्या सुखवस्तू लोकांना वाटत होती. शाळा परवडावी म्हणून शिक्षकाच्या जागी शिक्षिका नेमल्या गेल्या, कारण त्यांना पुरुषाच्या निम्मा किंवा त्याहूनही कमी पगार देऊन चालत असे. आजही अमेरिकेत शिक्षकीपेशाला जो कमी मान आणि कमी पगार मिळतो त्याचे मूळ तिथे आहे, असे माझे मत आहे. ही शाळा 'सर्वांची' म्हणवत होती, पण तिच्यात वाचले जाणारे बायबल प्रोटेस्टंटांचे होते. फिलाडेल्फियात १८४४ साली कोणते बायबल वाचायचे या वादातून दंगली पेटल्या, कॅथलिकांची दोन चर्चे जाळली गेली आणि माणसे मेली. कॅथलिकांनी मग आपल्या वेगळ्या शाळांचे जाळे उभारले, ते आजतागायत आहे. आणि सर्वांना एका साच्यात घालण्याची ही हाव कुठपर्यंत जाऊ शकते हे पाहायचे असेल तर पेनसिल्व्हेनियातील कार्लाइलची १८७९ साली निघालेली आदिवासी मुलांची निवासी शाळा पाहावी, जिथे मुलांचे केस कापले गेले, नावे बदलली गेली आणि त्यांच्या भाषा त्यांच्या तोंडून काढून घेतल्या गेल्या.

हे सारे मी लपवू इच्छित नाही. शाळा एकत्र आणते आणि शाळा पुसूनही टाकते. मर्यादा घालायचे काम पुढे न्यायालयांनी केले: १९२३ साली नेब्रास्काचा परभाषाबंदीचा कायदा रद्द झाला, १९२५ साली ओरेगॉनला सर्व मुलांवर सरकारी शाळेची सक्ती करता आली नाही, आणि १९४३ साली, ऐन महायुद्धात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की झेंड्याला सलाम करणे ज्याच्या श्रद्धेत बसत नाही अशा मुलावर शाळेला ती सक्ती करता येणार नाही. देशप्रेम शिकवणाऱ्या संस्थेला युद्धकाळात अशी वेसण घालणारा निकाल मला त्या देशाच्या मोठेपणाचा पुरावा वाटतो.

पण सार्वजनिक शाळा म्हणजे काय हे अमेरिकेला कोणी शिकवले असेल तर ते ज्यांना शाळेची दारे बंद होती त्यांनी. साउथ कॅरोलायनात गुलामाला लिहायला शिकवणे हा १७४० पासून गुन्हा होता. यादवी युद्ध संपून गुलामगिरी गेली तेव्हा त्याच राज्यात १८६८ साली नवी राज्यघटना लिहायला जी सभा बसली तिच्यात कृष्णवर्णीय प्रतिनिधी बहुसंख्य होते. त्यांतले एक रॉबर्ट स्मॉल्स. जन्माने गुलाम, युद्धाच्या काळात दक्षिणेचे एक जहाज पळवून उत्तरेच्या आरमाराच्या स्वाधीन करणारे, मोठेपणी अक्षरे गिरवायला शिकलेले. सर्व मुलांसाठी मोफत सरकारी शाळा असाव्यात, असा आग्रह त्यांनी त्या सभेत धरला. राज्यात सर्व मुलांसाठी शाळा असावी आणि ती वर्णभेदाशिवाय खुली असावी, हे त्या घटनेत लिहिले गेले. दक्षिणेतल्या गरीब गोऱ्या मुलांनाही सार्वजनिक शाळा मिळाली ती या लोकांमुळे. सर्वांसाठी सर्वांच्या खर्चाने शिक्षण ही दक्षिणेत कृष्णवर्णीयांची कल्पना होती, असे कृष्णवर्णीय इतिहासकार डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी नोंदवून ठेवले आहे. याच काळात, १८७३ साली, पुण्यात बसून जोतीराव फुल्यांनी आपली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. नऊ वर्षांनी ब्रिटिश सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे त्यांनी जे मांडले ते मान यांच्या युक्तिवादाची दुसरी बाजू आहे: सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, तो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, आणि रयतेच्या मुलांना गावात प्राथमिक शाळाही नाही. श्रीमंताने गरिबाच्या मुलाचा खर्च का करावा असे मॅसॅच्युसेट्सचे लोक विचारत होते. गरीब माणूस श्रीमंताच्या मुलाचा खर्च आधीपासूनच करतो आहे, हे फुल्यांनी दाखवून दिले.

दक्षिणेतही पुढे नेमके तेच झाले. उत्तरेचे सैन्य माघारी गेल्यावर गोऱ्यांची सत्ता परतली, शाळा वेगळ्या झाल्या, आणि कृष्णवर्णीयांनी भरलेल्या करातला मोठा हिस्सा गोऱ्या मुलांच्या शाळांकडे जाऊ लागला. १९१२ ते १९३२ या काळात कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या सांगण्यावरून शिकागोचे व्यापारी ज्यूलियस रोझेनवाल्ड यांनी ग्रामीण दक्षिणेत सुमारे ५,००० शाळा बांधायला मदत केली. पण अट अशी होती की वस्तीने आपला वाटा उचलावा. लोकांनी कोंबड्या विकल्या, कापसाचा एखादा पट्टा शाळेच्या नावाने पेरला, लाकूड तोडून आणले. आणि अखेरच्या हिशेबात कृष्णवर्णीय वस्त्यांची वर्गणी रोझेनवाल्ड यांच्या देणगीपेक्षा जास्त भरली. कर एकदा भरलेला असताना ही दुसऱ्यांदा दिलेली फी होती.

व्हर्जिनियातल्या फार्मव्हिल या गावाची हकिकत थोडी सविस्तर सांगते, कारण सार्वजनिक शाळा नसणे म्हणजे काय हे तिथे पाच वर्षे दिसले. तिथले कृष्णवर्णीय मुलांचे मोटन हायस्कूल १८० मुलांसाठी बांधले होते. १९५१ साली तिथे ४५० हून अधिक मुले होती. जादा वर्ग लाकडी सांगाड्यावर डांबरी कागद ठोकलेल्या खोपटांत भरत. पाऊस आला की गळत, हिवाळ्यात शेगडीजवळ बसलेला घामाघूम आणि दाराशी बसलेला कोट घालून कुडकुडणारा. २३ एप्रिल १९५१ रोजी सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने मुख्याध्यापकांना निरोप धाडून बाहेर पाठवले, सगळी शाळा सभागृहात बोलावली, आणि मुले संपावर गेली. त्यांचा खटला पुढे ब्राउन खटल्यात सामील झाला, आणि १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या.

त्यावर फार्मव्हिल ज्या काउंटीत येते त्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने काय केले? १९५९ साली न्यायालयाने आता एकत्र शाळा भरवाच असे म्हटल्यावर काउंटीच्या मंडळाने शाळांसाठी पैसेच मंजूर केले नाहीत. सगळ्या सरकारी शाळांना कुलपे लागली. गोऱ्या मुलांसाठी खाजगी शाळा निघाली आणि तिच्या फीसाठी सरकारी अनुदान व करात सवलत दिली गेली. दीड हजाराहून अधिक कृष्णवर्णीय मुलांना शाळा उरली नाही. काहींना आईबापांनी परराज्यात नातलगांकडे ठेवले, काही चर्चच्या तळघरात जमतील तशी शिकली, पुष्कळजण शेतावर गेली. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळा उघडायला लावल्या तेव्हा १९५९ साली सहा वर्षांचे असलेले मूल अकरा वर्षांचे झाले होते. २००४ साली व्हर्जिनियाने त्या मुलांसाठी, म्हणजे तोवर पन्नाशी-साठीला आलेल्या माणसांसाठी, शिष्यवृत्ती निधी काढला. फीचे पैसे पालकाच्या हाती द्यावेत ही कल्पना मुळात अर्थशास्त्राच्या पुस्तकातली असली, तरी तिचा पहिला मोठा वापर या देशात कोणत्या कामासाठी झाला हे त्या काउंटीच्या दप्तरात आहे, आणि तिच्याविषयी बोलताना ते विसरता कामा नये.

वर्णाचे कुंपण कायद्यातून गेले; हद्दीचे राहिले. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत एजवुड नावाची गरीब, बहुतांश मेक्सिकन वस्ती आणि अलामो हाइट्स नावाची सधन वस्ती आहे, शहर एकच. १९६७-६८ साली एजवुडचे लोक १०० डॉलरच्या मालमत्तेमागे १.०५ डॉलर शाळाकर भरत होते, अलामो हाइट्सचे ०.८५. जास्त दराने कर भरूनही एजवुडच्या मुलामागे वर्षाला सगळे मिळून ३५६ डॉलर खर्च होत, अलामो हाइट्समध्ये ५९४. कारण साधे आहे: घरांच्या किमतीच कमी, त्यामुळे कितीही पिळले तरी पैसा कमी. दिमेत्रिओ रॉड्रिगेझ आणि त्यांचे शेजारी न्यायालयात गेले. मार्च १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की शिक्षण हा राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही. घटनेत शिक्षण हा शब्द नसल्याची किंमत एजवुडच्या मुलांनी मोजली. पुढच्याच वर्षी डेट्रॉइटच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की शहरातल्या शाळांत गोरी आणि कृष्णवर्णीय मुले एकत्र आणण्यासाठी उपनगरांच्या डिस्ट्रिक्टना त्यात ओढता येणार नाही. गोरी कुटुंबे शहर सोडून हद्दीपलीकडे गेली की ती सुटली, असाच त्याचा अर्थ झाला.

या अंधारात न्यू जर्सीची गोष्ट मला मोलाची वाटते, आणि इथे राहणाऱ्या मराठी माणसांना ती फारशी ठाऊक नाही म्हणून खंतही वाटते. या राज्याच्या घटनेत १८७५ पासून एक कलम आहे: पाच ते अठरा वर्षांच्या सर्व मुलांसाठी राज्याने 'परिपूर्ण आणि कार्यक्षम' मोफत शाळा चालवाव्यात. टेक्सासच्या निकालानंतर तेराच दिवसांनी, जर्सी सिटीतल्या एका विद्यार्थ्याच्या नावाने चाललेल्या खटल्यात, इथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की घरपट्टीवर चालणाऱ्या विषम शाळा या कलमात बसत नाहीत. राज्याजवळ तेव्हा आयकरच नव्हता, आणि तो लावायची विधिमंडळाची तयारी नव्हती. शेवटी १ जुलै १९७६ रोजी न्यायालयाने राज्यातल्या सगळ्या सरकारी शाळांचे खर्च रोखले. उन्हाळी वर्ग बंद पडले, आणि आठवड्याभरात आयकराचा कायदा झाला. पुढे कॅम्डेन, ईस्ट ऑरेंज, अर्व्हिंग्टन आणि जर्सी सिटी या चार शहरांतल्या मुलांच्या वतीने १९८१ साली ॲबट खटला उभा राहिला. १९९० साली न्यायालयाने आदेश दिला की गरीब शहरांतल्या मुलामागे राज्यातल्या सर्वांत सधन उपनगरांइतकाच खर्च झाला पाहिजे. १९९८ साली आणखी एक पाऊल टाकले गेले: या डिस्ट्रिक्टांतल्या तीन आणि चार वर्षांच्या मुलांसाठी प्रशिक्षित शिक्षक असलेली मोफत बालवाडी. त्या बालवाडीत गेलेली मुले पुढे प्राथमिक शाळेतही पुढे राहिली, हे नंतरच्या पाहण्यांत दिसले.

तरीही या लहानशा राज्यात आज सुमारे ६०० स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत, आणि पैसा थोडाफार हद्द ओलांडतो, मुले ओलांडत नाहीत. आपण मराठी माणसे इथे घर घेतो तेव्हा पहिला प्रश्न विचारतो तो शाळेच्या गुणांकनाचा. मीही विचारला. घरे दाखवणाऱ्या बाईंनी गाडी एका रस्त्यावर थांबवून सांगितले होते की डाव्या बाजूची घरे एका डिस्ट्रिक्टमध्ये आणि उजव्या बाजूची दुसऱ्यात. घरे एकाच घडणीची, समोरासमोर. किमतीत फरक मोठा. आम्ही महागडी बाजू घेतली. आईबाप म्हणून तेव्हा दुसरे काही सुचले नसते आणि आजही त्याबद्दल मी कोणाला दोष देणार नाही. पण त्या रस्त्याच्या मधोमध आखलेली रेघ निसर्गाने आखलेली नाही. ती विधिमंडळाने आखली आहे आणि विधिमंडळ ती पुसू शकते. घर विकत घेऊन शाळा विकत घेता येते तिथे सरकारी शाळा आणि खाजगी शाळा यांत फरक फक्त फी कोणत्या खिडकीवर भरायची एवढाच राहतो.

शाळेने याखेरीज काय काय पेलले आहे याचा हिशेब परीक्षेच्या गुणांत येत नाही. १९४६ पासून ती जेवण देते. आज रोज तीन कोटींच्या आसपास मुले तिथे जेवतात. २०२० साली साथीत वर्ग बंद झाले तरी शाळांच्या दाराशी जेवणाच्या पिशव्यांसाठी रांगा लागत होत्या. १९७५ चा कायदा होईपर्यंत दहा लाख अपंग मुलांना शाळेत घेतलेच जात नव्हते, असे त्या कायद्यातच नमूद आहे. आज कोणत्याही सरकारी शाळेला मूल अपंग आहे म्हणून नाकारता येत नाही. त्याच्यासाठी वेगळा आराखडा करावा लागतो, त्यावर आईबापांची सही लागते. स्वमग्न मूल असलेली आपल्यातली कितीतरी कुटुंबे केवळ या कायद्यासाठी अमेरिकेत राहिली आहेत. टेक्सासमधल्या टायलर गावाने कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांच्या मुलांकडून वर्षाला १,००० डॉलर मागितले तेव्हा १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने ते अडवले: आईबापांच्या कृत्याची शिक्षा मुलाला नको. सगळ्यांना घ्यावेच लागते, ही या शाळेची अडचण आहे आणि हीच तिची थोरवी.

आता पालकांच्या हाती पैसे देण्याच्या योजनेकडे येते. अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी ती १९५५ साली मांडली: सरकारने पैसा द्यावा, शाळा चालवू नये. विस्कॉन्सिनमधल्या मिलवॉकी शहरात १९९० साली ती गरीब मुलांसाठी आली तेव्हा तिच्यामागे पॉली विल्यम्स या कृष्णवर्णीय आमदार होत्या, आणि त्यांची तक्रार खरी होती. ज्या वस्तीतल्या शाळा पिढ्यान्‌पिढ्या नापास होत आहेत तिथल्या आईने आणखी किती वर्षे थांबायचे? ज्यांनी स्वतः महाग घर घेऊन शाळा निवडली आहे त्यांना या आईला थांब म्हणण्याचा अधिकार नाही. पण पुढे काय झाले ते पाहावे. गरिबांसाठी सुरू झालेल्या योजनेतून उत्पन्नाची अट सैल होत गेली, आणि स्वतः विल्यम्स यांनी त्याला विरोध केला. २०२२ साली अॅरिझोनाने ती सर्वांना खुली केली; सुरुवातीला अर्ज आलेल्यांपैकी बहुसंख्य मुले आधी सरकारी शाळेत नव्हतीच. जे आधीपासून फी भरू शकत होते त्यांना सरकारी पैसा मिळाला. शिवाय खाजगी शाळा मूल निवडते. निवड पालकाची म्हणतात, पण अखेरचा होकार शाळेचा असतो, आणि अपंग मूल, इंग्रजी न येणारे मूल, वर्गात दंगा करणारे मूल परत येते ते सरकारी शाळेतच, आणि तिथे तोवर पैसा कमी झालेला असतो.

माझी मागणी उलट दिशेची आहे. देशभरात शाळांचा पैसा ढोबळमानाने निम्म्याहून थोडा कमी राज्याकडून आणि जवळपास तितकाच गावाच्या करातून येतो, केंद्राचा वाटा दहाव्या हिश्श्याच्या आसपास. गावाचा वाटा कमी करून राज्याचा वाढवावा, म्हणजे मुलाची शाळा त्याच्या गल्लीतल्या घरांच्या किमतीवर ठरणार नाही. शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये जागा असेल तर प्रवेश आणि बस दोन्ही मिळावेत. लहान डिस्ट्रिक्ट एकत्र करावेत. हे अशक्य नाही. १९४० च्या सुमारास अमेरिकेत १,१७,००० हून अधिक डिस्ट्रिक्ट होते, आज १३,००० च्या आसपास उरले आहेत. रेघा पूर्वीही पुसल्या गेल्या आहेत, फक्त गरीब आणि श्रीमंत यांच्यामधली रेघ पुसायची वेळ आली की हात थांबतो.

त्या गृहस्थांना मी नंतर फोन केला. ते सांगली जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, पुढे सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात. तिथली वर्षाची फी त्यांना अजून आठवते, काही शे रुपये. बाकीचा खर्च कोणी दिला असे मी विचारले तेव्हा ते बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी गावातल्या उसाच्या शेतकऱ्यांविषयी सांगायला सुरुवात केली, आपल्या मास्तरांविषयी सांगितले, आणि शेवटी इथल्या शाळा मंडळाची निवडणूक कधी असते हे विचारले. ती नोव्हेंबरात असते. मंडळाच्या सदस्यांना पगार नाही, मतदानही थोडेच होते, आणि वर्षभराचा सगळा खर्च तेच नऊ जण ठरवतात. आमच्या भागाचे मतदान प्राथमिक शाळेच्या व्यायामशाळेत असते. त्या दिवशी सकाळी मी त्यांना घ्यायला जाणार आहे.